नळाला कोऱ्या चहासारखं पाणी येतंय, सात आठवड्यांच्या बाळाचं वरचं दूध कशात कालवू?

तापीकाठची लेक
मंगळवार, रात्री १०:४०

बाळंतपणाला माहेरी आलेय. तापीकाठचं तालुक्याचं गाव आहे, नाव मुद्दाम टाकत नाही. बाळ सात आठवड्यांचं, पस्तिसाव्या आठवड्यातच झालं. अंगावर पाजतेच, पण वजन वाढेना म्हणून डॉक्टरांनी दिवसातून चार-पाच वेळा ६० मिली पावडरचं दूध लिहून दिलंय.

आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो. आज पहाटे चारला आला. आईने अंधारातच पिंपं भरून घेतली. उजाडल्यावर झाकण काढलं तर आत कोरा चहा. वर पाऊस लागून राहिलाय, नदी दुथडी वाहतेय. दरवर्षी या दिवसांत पाणी थोडं गढूळ येतं, पण इतकं कधीच नाही. एक पातेलं वीस मिनिटं उकळून पाहिलं. रंग तसाच राहिला, उलट तळाला कुंकवाच्या पाण्याचा वाळलेला ओघळ असावा तसा तांबडा थर बसला. त्यावर बोट फिरवलं तर बारीक कचकच लागली.

बाबा म्हणतात, "उकळलं म्हणजे सगळं मेलं, दे पाजून." माझं मन धजत नाही. घरात कँडलचा फिल्टर आहे, आरओ नाही. माठात मागच्या नळाचं दोन-अडीच लिटर पाणी आहे, ते नितळ आहे. रात्री बाराला पुढचं दूध द्यायचंय. काय करू?

नर्सताई
मंगळवार, रात्री १०:५२

ताई, पिंपातलं पाणी बाळाला नको. उकळून, गाळून, कसंही नको. आज रात्रीपुरतं माठातलं घ्या. वरून अलगद काढा, तळ ढवळू नका, हात बुडवू नका. स्टीलच्या पातेल्यात खळखळून उकळी येऊ द्या, त्यानंतर एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळून जास्त काही मिळत नाही, पाणी आटतं आणि त्यातले क्षार दाट होतात.

सकाळी आधी कुणाला तरी सीलबंद बाटलीचं पाणी आणायला पाठवा, आयएसआयचा शिक्का बघून. तेही उकळूनच वापरायचं. बाटली, बोंडलं, वाटी-चमचा, जे वापरत असाल ते या लाल पाण्याने धुऊ नका. आपण दुधाचं पाणी बदलतो आणि धुवायला तेच नळाचं घेतो, ही चूक मी घराघरांत पाहिलीय. सविस्तर उद्या लिहिते, ड्युटीवर आहे.

व्हॉल्व्हमन काका
मंगळवार, रात्री ११:३०

पाणीपुरवठ्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. पोरी, पाण्याला रंग कसला आहे ते आधी ठरवू. उकळल्याने काय जाईल आणि काय राहील, ते त्यावर आहे.

काचेचा स्वच्छ ग्लास घे, भर, पांढऱ्या कागदासमोर धर. मग झाकून तासभर तसाच ठेव. गाळ तळाला बसून वरचं पाणी निवळलं तर ती नदीची माती. नळाची पहिली पाच-दहा मिनिटं लाल येऊन मग साफ झालं तर तो जुन्या लोखंडी पाइपाचा गंज. बोअरचं पाणी भरताना स्वच्छ असतं आणि तासाभराने पिवळं-तांबडं होतं, ते विरघळलेलं लोह. हवा लागली की रंग धरतं. आणि पाणी काळपट-करडं असेल, वास येत असेल, वर तवंग असेल, तर गटार शिरलंय. त्या पाण्याने चूळसुद्धा भरू नये.

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं सगळी घाण धरणातूनच येते. नळ चार दिवसांआड म्हणजे पाइप चार दिवस रिकामा. पुरवठा बंद होतो तेव्हा पाइपातला दाब पडतो, आणि जिथे जिथे गळती आहे तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. आपल्या गल्ल्यांत नळाचा पाइप आणि गटार शेजारी-शेजारी, कुठे कुठे पाइप गटारातूनच गेलेला. त्यात लोक थेट लाइनला मोटर लावतात. मोटर ओढते तेव्हा ती फक्त नळाचं पाणी ओढत नाही. चौथ्या दिवशी पाणी सुटलं की पहिला लोंढा हे सगळं घेऊन येतो, वर पाइपाच्या आतला गंजही खरवडतो.

पावसाळ्यात याच्यावर नदीचा गढूळपणा. तापीचं पाणी एका रात्रीत बदलतं. शुद्धीकरण केंद्रात तुरटीची मात्रा वाढवावी लागते, गाळणीचे थर लवकर चोंदतात. आणि माती क्लोरीन खाऊन टाकते. म्हणून गढूळ पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं तरी जंतू मरतीलच असं नाही. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं माप) आत असावा, दुसरी सोयच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. नुसत्या डोळ्याला गढूळ दिसू लागलं म्हणजे ते ४-५ च्या आसपास पोचलंच. तुझं तर चहाच आहे.

शेजाऱ्यांकडे काय आलंय तेही विचार. सगळ्या गावात असेल तर नदी किंवा मोठी लाइन. तुमच्याच दोन-चार घरांत असेल तर गल्लीतला पाइप.

तापीकाठची लेक
बुधवार, सकाळी ७:१५

काका, ग्लास ठेवला होता. तळाला बोटाच्या पेराएवढी माती बसली, पण वरचं पाणी पूर्ण निवळलं नाही, फिकट पिवळट राहिलं. आणि आता, तुम्ही लिहिलं म्हणून नाकाशी नेऊन पाहिलं, तर कुबट वास आहे. काल मातीचाच वाटला होता. मागच्या आळीत मामा राहतात, त्यांच्याकडे गढूळ आहे पण असं नाही.

रात्रीचं दूध माठातल्या पाण्यात केलं, बाळ नीट प्यायलं. भाऊ स्टँडवरून पाच लिटरचा सीलबंद कॅन घेऊन आलाय.

आजी, धुळे
बुधवार, सकाळी ८:०५

बेटा, घाबरू नको. आमनी माय म्हने, "पोरले पानी दखीसन पाजजो." म्हणजे पोराला पाणी बघून पाज. आमच्या वेळी विहिरीचंच पाणी होतं. तुरटीचा खडा चार वेळा फिरवायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं पाणी तलम धोतराच्या चार पदरी कापडातून गाळायचं. आणि पावडर कशाला लागते? गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून द्यावं, आमची सहाच्या सहा पोरं त्यावरच वाढली.

नर्सताई
बुधवार, दुपारी २:२०

आजी, तुमचं "दखीसन पाजजो" मी मनात जपून ठेवलंय, या धाग्याला तेच लागू आहे. पण गाईच्या दुधाबद्दल मला नाही म्हणावं लागेल. वर्षाच्या आत प्यायला गाईचं, म्हशीचं किंवा शेळीचं दूध नको. त्यातली प्रथिनं आणि क्षार लहान मूत्रपिंडांना झेपत नाहीत, आणि लोह फार कमी असतं. पाणी घातलं की क्षार कमी होतात, पण पोषणही जातं. हे बाळ तर अपुऱ्या दिवसांचं आहे. आणि निम्मं पाणी घालायचं म्हटलं तरी ते पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न तसाच राहतो.

आता ताई, दूध कसं करायचं ते.

पावडरचा डबा कितीही चांगला असला तरी आतली पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू, कधी साल्मोनेला, कोरड्या पावडरीत महिनोन् महिने तग धरू शकतो. असं क्वचित होतं, पण दोन महिन्यांच्या आतल्या किंवा कमी दिवसांच्या बाळाला झालं तर रक्तात, मेंदूच्या आवरणात जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ मध्ये सांगितलं की पावडर निदान ७० अंश गरम पाण्यात मिसळावी. म्हणजे उकळतो ते फक्त पाण्यातल्या जंतूंसाठी नाही. गरम पाण्याने पावडरीतलेही मरायला हवेत. पाणी उकळून पूर्ण गार केलं आणि मग त्यात पावडर टाकली, तर निम्मंच काम झालं.

ओटा पुसून घ्या, हात साबणाने धुवा, धुवायलाही चांगलं पाणी. बाटली-निपल ब्रशने घासून, पूर्ण बुडतील अशा पातेल्यात उकळून काढा, निपलच्या भोकात दुधाचा कण राहू देऊ नका. खरं सांगायचं तर बाटलीपेक्षा बोंडलं किंवा वाटी-चमचा बरा. कानेकोपरे नाहीत, एका नजरेत स्वच्छ दिसतो.

मग उकळलेलं पाणी आधी बाटलीत किंवा वाटीत मोजून घ्या, पावडर नंतर. ६० मिली पाणी म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत सपाट दोन चमचे. पण तुमच्या डब्यावर काय लिहिलंय तेच धरा, आणि त्याच डब्यातला चमचा वापरा. चमचा शिगोशीग नाही, दाबूनही नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. डबा संपत आला की "थोडं पातळ चालेल" म्हणणाऱ्या घरांतली बाळं मी सुकलेली पाहिलीत. जास्त घट्ट केलं तर शौचाला खडा होतो आणि अंगातलं पाणी कमी पडतं. दोन्ही नको.

झाकण लावून हलवा, मग बाटली गार पाण्याच्या भांड्यात उभी करा. तिथे नळाचं पाणी वापरलंत तर ते बाटलीच्या गळ्याच्या खालीच राहू द्या, आणि पाजण्याआधी बाटली बाहेरून स्वच्छ फडक्याने कोरडी करा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पहा. कोमट लागला की पाजा. केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, उष्टं उरलेलं टाकायचं. दोन रुपयांचं दूध गेलं म्हणून जीव हळहळतो, मला कळतं. तरी टाका.

दोन लेकरांचा बाप, शिरपूर
बुधवार, दुपारी ३:१०

ताई, आमच्या डब्यावर तर लिहिलंय की पाणी उकळून कोमट होऊ द्या, मग पावडर घाला. आमच्या दोघांना तसंच दिलं. आता ७० अंश म्हणताय, त्यात जीवनसत्त्वं मरत नाहीत का?

नर्सताई
बुधवार, सायंकाळी ६:४५

दादा, प्रश्न बरोबर आहे. बऱ्याच डब्यांवर ४०-५० अंशाच्या आसपासचं किंवा नुसतं "कोमट" लिहिलेलं असतं. जास्त गरम पाण्यात क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, आणि ज्या पावडरीत उपयोगी जिवाणू घातलेले असतात ते मरतात. तुमची मुलं पूर्ण दिवसांची, तब्येतीने धट्टीकट्टी, तुम्ही स्वच्छता पाळली, निभावलं. पण दोन महिन्यांच्या आतलं, कमी दिवसांचं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं बाळ असेल तर मी ७० च धरीन. काही खास पावडरी डॉक्टर वेगळ्या कारणासाठी देतात, त्यांचं वेगळं असू शकतं. म्हणून ताईंनी डबा घेऊन डॉक्टरांना एकदा विचारावं, फोनवर नको, डबा दाखवून.

व्हॉल्व्हमन काका
बुधवार, रात्री ९:००

७० अंश घरात कसं ओळखायचं? माझ्याकडे जुना थर्मामीटर आहे, आज करून पाहिलं. अर्धा लिटर पाणी, उघडं पातेलं, वर पंखा चालू: पंधरा मिनिटांच्या आत ७० च्या खाली. तेच एक लिटर झाकण ठेवून, पंखा बंद: अर्ध्या तासाने सत्तरीच्या वरच होतं. म्हणजे ६० मिलीसाठी दोन घोट पाणी उकळून मोबाइल बघत बसाल तर ते केव्हाच गार झालेलं असणार.

नर्सताई
बुधवार, रात्री ९:२०

काका, फार उपयोगाचं केलंत. "एक लिटर उकळा, अर्ध्या तासाच्या आत वापरा" असं सांगतात ते यासाठीच. रात्री सोपं जावं म्हणून उकळतं पाणी लगेच चांगल्या स्टीलच्या थर्मासात भरून ठेवा, पावडर बाजूला कोरडी. थर्मासात फक्त पाणी. तयार दूध थर्मासात भरून रात्रभर पुरवणारे खूप आहेत. ते कोमट दूध म्हणजे जंतूंना विरजण लावल्यासारखं आहे.

केळीपट्ट्यातली, रावेरकडची
बुधवार, रात्री १०:१०

पाणी तपासणीच्या कामात आहे. एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहिते, कारण हा धागा बोअरवाले पण वाचत असतील. नळ गढूळ आला की लोक म्हणतात, "आपल्या बोअरचं घ्या, काचेसारखं आहे." काचेसारखं पाणीही बाळासाठी वाईट असू शकतं.

खतं, शेणाचे उकिरडे, शौचालयाचे शोषखड्डे यांतून नायट्रेट जमिनीत उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्याचा नायट्राइट होतो आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. ओठ, नखं, त्वचा निळसर-करडी पडते. असं दिसलं तर घरी काही करत बसू नका, थेट १०८ लावा. आणि नायट्रेट उकळल्याने जात नाही, पाणी आटतं तसा वाढतो. कापडाने, कँडलने, तुरटीनेही जात नाही. आरओने कमी होतो, पण फिल्टरचा पडदा वेळच्या वेळी बदललेला असेल तर. फ्लोराइडचंही तसंच, उकळून जात नाही.

म्हणून बोअर, विहीर, हातपंप कुठलाही असो, बाळाचं वरचं दूध त्यावर करणार असाल तर एकदा तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला असते. गावात असाल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना तपासणी किट चालवायला शिकवलंय, त्यांच्याकडेही विचारा.

तापीकाठच्या ताई, तुमच्या पाण्याला कुबट वास आहे हे वाचून मला गप्प बसवत नाही. नमुना द्या. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच मिळते, घरची बाटली चालत नाही. नळाचं तोंड पुसून, पाणी थोडं वाहू देऊन भरा, आतल्या बाजूला बोट लावू नका, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.

दोन लेकरांचा बाप, शिरपूर
बुधवार, रात्री १०:४०

आणि जारचं पाणी? आमच्याकडे वीस लिटरचे थंड जार घरपोच येतात.

केळीपट्ट्यातली, रावेरकडची
बुधवार, रात्री ११:०५

दादा, सीलबंद आणि सुटं यांत फरक करा. आयएसआयचा शिक्का, परवाना क्रमांक, तारीख आणि न फुटलेलं सील असेल तर ते बाटलीबंद पाणी. निळ्या थंड जारात भरून येतं ते बहुतेक ठिकाणी सुटंच पाणी असतं, कुठल्या बोअरचं, पडदा कधी बदलला, जार कशाने धुतला, कुणाला माहीत नसतं. गार लागतं म्हणून ते स्वच्छ वाटतं. मोठ्यांचं मोठे बघतील, बाळासाठी नको. सीलबंद घेतानाही लेबल वाचा: सोडियम लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत, सल्फेट २५० च्या आत. "नॅचरल मिनरल वॉटर" लिहिलेलं महागडं पाणी बाळाला चांगलं असा समज आहे, उलट त्यातच क्षार जास्त निघू शकतात.

चाळीसगावची मावशी
गुरुवार, सकाळी ६:५०

एवढा घोळ घालण्यापेक्षा अंगावरचं पाज. आजकालच्या पोरींना बाटली हातात घ्यायची घाई असते.

तापीकाठची लेक
गुरुवार, सकाळी ७:३०

मावशी, मी दिवसातून दहा वेळा अंगावर घेते. रात्री अडीचला उठून पिळून काढते, वीस मिली निघतं. बाळ ओढून ओढून दमतं आणि झोपतं. तुमचं वाचून खूप रडू आलं.

नर्सताई
गुरुवार, सकाळी ८:१५

मावशी, आईचं दूध सगळ्यात चांगलं यात वाद नाही, पहिले सहा महिने त्याच्याशिवाय पाण्याचा थेंबही लागत नाही. कायद्याने ते प्रत्येक डब्यावर छापावं लागतं. १९९२ च्या कायद्यात या पावडरीची जाहिरातही बंद आहे, म्हणून या धाग्यावर कुणी डब्याचं नाव सुचवू नये ही विनंती. पण ही आई डॉक्टरांच्या सांगण्यावरून, वजन बघून देतेय.

ताई, वीस मिली निघतंय ना? ते वाया घालवू नका, पावडरीच्या आधी तेच द्या. छातीशी उघड्या अंगाने बाळाला जितका वेळ धरता येईल तितकं धरा. दूध वाढतं, वेळ लागतो. एक अजून: घरात बाळगुटी उगाळत असतील तर त्याचं पाणी कुठलं ते बघा. सहाणेवर दोन थेंब नळाचं पाणी कुणाच्या लक्षातही येत नाही. माझं ऐकाल तर गुटी नकोच.

चाळीसगावची मावशी
गुरुवार, सकाळी ९:००

माफ कर बेटा. पूर्ण न वाचता लिहिलं. रडू नको. मेथी-अळीवाचे लाडू तू खा, आणि झोप मिळेल तेव्हा झोप.

तापीकाठची लेक
गुरुवार, रात्री ९:४५

डबा घेऊन डॉक्टरांकडे गेले. याच्यासाठी ७० अंशच धरा म्हणाले. हिशोबही घालून दिला: पाच वेळचे ३०० मिली दुधाला, आणि बाटली-चमचा खंगाळायला लिटर-दीड लिटर. पाच लिटरचा कॅन तीन-साडेतीन दिवस जातो. स्वयंपाकघरात त्याच्यासाठी वेगळा कोपरा केलाय: एक पातेलं, एक थर्मास, एक वाटी. आईने कुंकवाचं बोट लावून ठेवलंय त्या पातेल्याला, म्हणजे कुणी चुकून त्यात चहा ठेवू नये.

आंघोळ कशाने घालू? भाऊ नमुना देऊन आला.

नर्सताई
गुरुवार, रात्री १०:०५

नुसती माती-गंज असता तर निवळून उकळलेल्या पाण्याने चाललं असतं. कुबट वास आहे तोवर कॅनमधल्या कोमट पाण्यात मऊ फडकं पिळून अंग पुसा. दोन-चार दिवस आंघोळ नाही घातली तर काही बिघडत नाही.

जुलाब, उलटी, ताप, दूध न ओढणं, मलूल पडणं, लघवी कमी होणं, टाळू खोल जाणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. एवढ्या लहान बाळाला ओआरएससुद्धा मनाने नको. रात्री सल्ला हवा असेल तर १०४, गाडी हवी असेल तर १०८.

तापीकाठची लेक
सोमवार, दुपारी १:२०

तपासणीचा निकाल आला. "पिण्यास अयोग्य." ई. कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, सापडला. १०० मिलीत एकही नको असतो म्हणे. उरलेल्या क्लोरीनच्या रकान्यात शून्य.

काका, तुम्ही म्हणालात तेच झालं. काल गल्लीत खोदलं. आमच्या आणि शेजारच्या तीन घरांचा जोड एकाच जुन्या लोखंडी पाइपावरून, आणि तो पाइप गटाराच्या कडेने, अर्धा गाळात. बाबा स्वतः उभे होते. पाइप वर काढला तेव्हा त्याच्या पोटाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं, भोवती गंज फुगून पापुद्रा आलेला. बाबांनी त्यात काडी घातली, ती सरळ आत गेली. घरी येऊन काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतः पातेलं गॅसवर ठेवलं, झाकण ठेवलं, आणि घड्याळाकडे बघत बसले.

नदीची माती सगळ्या गावाला होती, आम्हाला माती आणि गटार दोन्ही. त्या दिवशी रंग आला नसता तर आम्ही उकळून देतच राहिलो असतो, आणि धुवायला तर न उकळलेलंच.

धडगावहून
सोमवार, सायंकाळी ५:४०

सगळा धागा वाचला. आमच्या पाड्यावर सीलबंद कॅन मिळत नाही. पावसात झऱ्याचं पाणी तांबडं होतं. माझ्या बहिणीचं बाळ तीन महिन्यांचं, ती आजारी होती तेव्हापासून वरचं दूध चालू आहे. आम्ही काय करावं?

नर्सताई
सोमवार, रात्री ८:३०

ताई, पहिलं म्हणजे बहीण आता बरी असेल आणि कुठलं औषध आड येत नसेल, तर बाळाला पुन्हा अंगावर लावून बघा. बंद झालेलं दूध पुन्हा येऊ शकतं, तीन महिन्यांच्या बाळाला तर नक्की प्रयत्न करावा. आशाताईला सांगा, ती जवळ बसून दाखवेल.

तोवर पावसाच्या आधीपासून झाकलेला, बांधीव झरा किंवा हातपंप जवळ असेल तर बाळापुरतं एक कळशी तिथून आणा, दूर असला तरी. तोही एकदा तपासून घ्या. तेही नसेल तर झऱ्याचं तांबडं पाणी रात्रभर झाकून निवळू द्या, वरचं न ढवळता दुसऱ्या भांड्यात घ्या, चार पदरी सुती कापडातून गाळा, मग खळखळून उकळा आणि त्यातच गरम असताना पावडर घाला. निवळलं तरी रंग राहत असेल तर ते घेऊ नका. बाटली फेकून द्या, वाटी-चमचा ठेवा, तो उकळायला लाकूडही कमी लागतं.

व्हॉल्व्हमन काका
सोमवार, रात्री ९:१०

आजी तुरटी म्हणाल्या होत्या, त्याचं उत्तर राहिलं. केंद्रातही तुरटीच वापरतात, पण तिथे रोज पाण्याच्या नमुन्यावर मात्रा ठरवतात आणि नंतर वाळूतून गाळतात. घरी खडा किती फिरवला याला माप नाही. मोठ्यांच्या पिंपाला फिरवा, बाळाच्या पाण्याला नको.

पोरी, नवीन पाइप पडला की लगेच पाणी भरू नकोस. पिंपं रिकामी करून घास, टीसीएलच्या पाण्याने खंगाळून अर्धा तास ठेव, ओतून दे, पुन्हा धू. कँडल काढून घास आणि उकळ. पहिल्या नळाचं पाणी झाडांना सोड. मग दुसऱ्या वेळी ओटी तपासणी, म्हणजे थेंब टाकून क्लोरीन बघायची तपासणी, करून घे. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन पोचतंय.

तापीकाठची लेक
शनिवार, सकाळी ६:१०

आज पहाटे नळ आला, काका. नवीन पाइपाचा दुसरा नळ. पांढऱ्या कागदासमोर ग्लास धरला, नितळ. वास नाही. पाणी सोडणाऱ्या दादांनी ओटीचे थेंब टाकून दाखवले, फिकट पिवळा रंग आला. पुन्हा नमुना दिलाय. तो निकाल येईपर्यंत बाळाचं पाणी कॅनचंच.

काल वजन केलं, तीन किलो शंभर. अंगावरचं आता एका वेळेला चाळीस मिली निघतं.